आजीच्या लुगड्याचा काठ: कृष्णधवल फोटोत मोजकाच रंग भरताना

आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. स्टुडिओत काढलेला, साडेतीन बाय पाच इंचांचा. मागच्या पडद्यावर रंगवलेले खांब आणि कुंड्या, पुढे कोरीव पाठीची खुर्ची, खुर्चीत नऊवारीतली आजी, दोन्ही हात मांडीवर. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने १९४६ लिहिलेलं. हा फोटो सगळाच्या सगळा रंगीत करावा असं मला कधी वाटलं नाही. पण लुगड्याचा काठ आणि कपाळावरचं कुंकू एवढंच रंगात दिसावं, बाकी आहे तसं करडं राहावं, असं मात्र फार वर्षं मनात होतं. ते करताना जे शिकलो ते इथे मांडतो. घरात जुना फोटो आणि साधासा कॉम्प्युटर असेल तर हे कुणालाही जमेल. सॉफ्टवेअर हाताखाली यायला एक दुपार पुरते. काठाचा रंग कोणता होता हे शोधायला मला दोन महिने लागले, म्हणून या लेखातही त्याला जास्त जागा दिली आहे.

एका नावाची दोन कामं

‘सिलेक्टिव्ह कलर’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो लग्नाच्या अल्बममधला फोटो: सगळं कृष्णधवल आणि नवरीच्या हातातला गुलाब तेवढा लाल. सिनेमातलं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे स्पीलबर्गचा १९९३चा ‘शिंडलर्स लिस्ट’. जवळपास संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात एका लहान मुलीचा कोट लाल दिसतो आणि गर्दीत नजर तिचाच माग काढत राहते.

पण गुलाबाच्या फोटोत रंग मुळातच होता. फोटो रंगीतच काढला होता, नंतर बाकीचा रंग काढून घेतला. आजीच्या फोटोत रंग कधी उतरलाच नव्हता. तो बाहेरून आणून भरायचा. सॉफ्टवेअरमधली हत्यारं दोन्हीकडे जवळपास तीच, पण जबाबदारी फार वेगळी. पहिल्या कामात काय ठेवायचं एवढंच ठरवायचं असतं. दुसऱ्यात तुम्ही एक विधान करत असता की हा काठ या रंगाचा होता.

एक खुलासा आधीच केलेला बरा. फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्टिव्ह कलर’ याच नावाचं एक साधन आहे. ते रंगीत फोटोतल्या एकेका रंगाची छटा कमी-जास्त करण्यासाठी आहे. आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. नवशिके नावावरून तिथे जातात आणि अडकतात.

करड्या रंगात नेमकं काय हरवतं

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. त्याचा करडा करताना तिन्हींना सारखं वजन देत नाहीत, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ भासतो आणि निळा सगळ्यात मंद. एक रूढ सूत्र असं आहे: लाल गुणिले ०.२९९, हिरवा गुणिले ०.५८७, निळा गुणिले ०.११४, आणि तिन्हींची बेरीज.

आता हे तीन रंग घ्या. लाल २००, हिरवा ३०, निळा ४०: हे झालं कुंकवासारखं लाल. लाल २०, हिरवा ११६, निळा ७०: हा गडद हिरवा, चुड्यातल्या बांगडीसारखा. लाल ६०, हिरवा ८०, निळा १५०: हा निळा. कागद-पेन्सिल घेऊन सूत्र लावून पाहा. तिन्हींचं उत्तर ८२ येतं. कुंकू, बांगडी आणि निळं लुगडं, तिघंही कृष्णधवलात अगदी एकसारखे करडे.

याचा अर्थ उलट दिशेने लक्षात घ्यायचा. फोटोत ८२चा करडा दिसला तर त्यामागे यातला कोणता रंग होता हे त्या ठिपक्याला विचारून कळणार नाही. करड्याला फक्त उजेड ठाऊक असतो. ‘हा करडा हिरव्यासारखा वाटतो’ असं कुणी म्हणालं तर तो आपल्याच मनातला हिरवा पाहत असतो. मीही पाहिला होता, ते पुढे येईलच.

कुंकू काळं का दिसतं

जुन्या फोटोंच्या बाबतीत अडचण याहूनही मोठी आहे. वरचं सूत्र आजच्या यंत्रांचं. जुन्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म रंगांकडे आपल्या डोळ्यांनी बघतच नव्हत्या. अगदी सुरुवातीच्या प्लेटांना निळा-जांभळा प्रकाशच काय तो ‘दिसे’. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की प्लेटेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली की तिला हिरवाही जाणवू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्म आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसत नसे. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम चालायचं ते याच कारणाने. सगळे रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा इंग्लंडमध्ये १९०६ मध्ये विक्रीला आल्या, तरी लाल दिव्याखाली बघत बघत धुता येते म्हणून स्टुडिओवाले पुढे कित्येक वर्षं ऑर्थोच वापरत राहिले.

जे फिल्मला दिसत नाही ते प्रिंटमध्ये काळं येतं. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या फोटोंत कुंकू काळ्या टिकलीसारखं दिसतं, ओठ काळपट दिसतात, आणि लालभडक लुगडं काळ्या चंद्रकळेसारखं भासतं. उलट निळं लुगडं पांढुरकं होऊन बसतं. पिवळी अष्टपुत्रीसुद्धा डोळ्याला दिसते त्याहून मळकट येते. फोटो ऑर्थोवर काढला आहे का, हे ओळखायला मी आधी ओठ पाहतो. ओठ प्रमाणाबाहेर गडद असतील, चेहऱ्यावरचे बारीक डाग उठून आले असतील, तर संशय घ्यावा. बाहेर काढलेला फोटो असेल तर आकाश कोरं पांढरं असतं.

आयझेनस्टाइनच्या १९२५च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये जहाजावर लाल झेंडा चढतो. त्या काळच्या फिल्मवर खरा लाल झेंडा काळा आला असता. म्हणून चित्रीकरणात झेंडा पांढरा वापरला आणि मग फिल्मवर एकेका फ्रेममध्ये तो हाताने लाल रंगवला. मोजकाच रंग भरण्याचं सिनेमातलं हे फार जुनं उदाहरण, आणि फिल्मला लाल दिसत नाही हे ओळखून आखलेलं.

रंग कुठून आणायचा

आजीच्या लुगड्याचा काठ फोटोत मध्यम गडद करडा होता. मी तो पाहिला, मनाने हिरवा ठरवला, बाटलीसारखा गडद हिरवा भरला, प्रिंट काढून फ्रेम केली आणि आत्याकडे घेऊन गेलो. आत्याचं वय तेव्हा ब्याऐंशी. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला.

“अरे, हिरवं कुठलं? डाळिंबी काठ होता त्याला.”

“आत्या, नक्की आठवतंय तुला?”

“आठवायचं काय त्यात? त्यावर निजलेय मी.”

ते लुगडं विरल्यावर गोधडीत गेलं होतं. आत्याने पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली, तळातून गोधडी काढली. अस्तराकडून चौथ्या पट्टीत तो काठ होता: वरून फिकट, विटकरी झालेला, पण दोन पट्ट्या जोडताना आत दुमडलेल्या भागात, जिथे ऊन आणि साबण पोचले नव्हते, तिथे डाळिंबाच्या दाण्याचा रंग तसाच होता. धावदोऱ्याचे चार टाके तिने स्वतःच्या हाताने उसवले, मला दाखवलं, आणि लगेच सुई मागितली.

तेव्हापासून मी ब्रश हातात घेण्याआधी घर धुंडाळतो. कापडाचा तुकडा मिळाला तर त्याच्यासारखा पुरावा नाही, आणि मराठी घरांत तो गोधडीत, दुपट्यात, देवाच्या वस्त्रात, पोथीच्या बासनात मिळतो. कापड नसेल तर त्याच काळातला त्याच पेठेचा माल पाहावा. इरकल, पैठणी, खण यांचे काठ आणि पदर ठरावीक रीतीचे असतात, जाणकार विणकर किंवा जुना कापडवाला करडं नक्षीकाम पाहूनही प्रकार ओळखतो. फोटोतले आजोबा पोलिसात किंवा पलटणीत असतील तर गणवेशाचा रंग नोंदीत सापडतो. आणि ज्यांनी ती वस्तू पाहिली आहे अशी माणसं जिवंत आहेत तोवर त्यांना विचारावं. मात्र फोटो रंगवून नेऊ नये, करडाच न्यावा. समोर रंग दिसला की आठवण त्या रंगाकडे झुकते. आत्या डगमगली नाही हे माझं नशीब.

कापडावरून रंग उचलण्याचीही एक रीत आहे. तुकडा सकाळच्या वेळी खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही असा ठेवावा, शेजारी साधा पांढरा कागद ठेवावा आणि मोबाईलने फ्लॅशशिवाय फोटो काढावा. सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’च्या ड्रॉपरने तो कागद दाखवला की उजेडाची पिवळी-निळी झाक निघून जाते. मग रंग उचलताना एकच ठिपका घेऊ नये. ड्रॉपरची मर्यादा वाढवून पाच-पाच ठिपक्यांची किंवा त्याहून मोठी सरासरी घ्यावी, नाहीतर एका धाग्याची सावली उचलली जाते. मला मिळालेले आकडे साधारण १५०, ३५, ६० असे होते.

काडी, कापूस आणि तैलरंग

फोटो छापणं सुरू झालं त्यासोबतच फोटो रंगवणंही सुरू झालं. १८६० च्या दशकात योकोहामात फेलिचे बेआतो याच्या स्टुडिओत जपानी कारागीर जलरंगांनी फोटो रंगवत. पुढे स्वतः नामवंत छायाचित्रकार झालेला कुसाकाबे किंबेई त्यांच्यातलाच. भारतातही संस्थानिकांचे आणि सावकारांचे फोटो चित्रकारांच्या हातून रंगवून घेण्याची चाल होती. कधी कधी तर रंग इतके जाड चढवत की खाली फोटो आहे हेच कळू नये. नंतर आले फोटोसाठीचे पारदर्शक तैलरंग. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, चिमूटभर रंग प्रिंटवर चोळायचा, आणि मग दुसऱ्या कोऱ्या कापसाने त्यातला बराचसा पुसून घ्यायचा.

त्या पुसून घेण्यातच सगळी कला होती. रंग पारदर्शक हवा, खालची सावली आणि घडी वर दिसत राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमधला ‘कलर’ नावाचा मोड नेमकं हेच करतो, आणि ‘ओपॅसिटी’ म्हणजे तो पुसणारा कापूस. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

स्कॅन

घाई इथे होते आणि पुढे सगळीकडे नडते. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन केला की २१०० गुणिले ३००० ठिपके मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने सात बाय दहा इंचांची प्रिंट सहज निघते. पासपोर्ट आकाराचा फोटो असेल तर १२०० ठेवा. फाईल टिफमध्ये जतन करा. स्कॅनरची रंग आपोआप सुधारणारी आणि धार वाढवणारी बटणं बंद करा.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. जुन्या प्रिंटवरचे डाग बहुधा पिवळे-तपकिरी असतात. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून तो निळ्या चॅनलमध्ये (म्हणजे फक्त निळ्या आकड्यांच्या चित्रात) सगळ्यात गडद आणि लाल चॅनलमध्ये सगळ्यात फिका दिसतो. तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडून पाहा. लाल चॅनल कित्येकदा इतका स्वच्छ निघतो की डाग काढण्याचं अर्धं काम तिथेच संपतं. मी तोच चॅनल पाया म्हणून घेतो.

मूळ स्कॅनची एक प्रत बाजूला ठेवून तिला हात लावू नका.

थर आणि मास्क

फोटोशॉपसाठी पैसे मोजावे लागतात. जिम्प फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. फोटोपीआ ब्राउझरमध्येच चालतं. खालची रीत मी जिम्पच्या अंगाने सांगतो, इतरत्र नावं थोडी बदलतील.

पहिली गोष्ट: फाईल ‘ग्रेस्केल’ असेल तर तिच्यावर कितीही लाल फासलं तरी करडंच उमटतं. माझा पहिला अर्धा तास यातच गेला. ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘मोड’मध्ये जाऊन ‘आरजीबी’ निवडा. चित्रात काहीच बदललेलं दिसणार नाही, पण आता ते रंग घ्यायला तयार झालेलं असतं.

मग फोटोच्या वर एक नवा लेयर घ्या. तो संपूर्ण डाळिंबी रंगाने भरून टाका आणि लेयरचा मोड ‘नॉर्मल’वरून ‘एलसीएच कलर’ करा. फोटोशॉपमध्ये त्या जागी ‘कलर’. अख्खा फोटो डाळिंबी झाला, तरी आजीचा चेहरा, खुर्चीचं कोरीवकाम, पडद्यावरच्या कुंड्या सगळं दिसतंय. कारण या मोडमध्ये वरच्या लेयरची फक्त छटा घेतली जाते, उजेड-अंधार खालच्या फोटोचाच राहतो. तोच पारदर्शक तैलरंग.

आता या लेयरला काळा मास्क लावा. रंग नाहीसा होईल. मास्क म्हणजे लेयरवर टाकलेलं आच्छादन समजा: काळा भाग झाकतो, पांढरा भाग उघडतो, करडा अर्धवट उघडतो. पांढरा ब्रश घेऊन काठावरून फिरवा, तिथे तिथे डाळिंबी प्रकट होईल. चुकून हातावर गेला तर ‘एक्स’ दाबा, ब्रश काळा होतो, चूक झाकून टाका. रंग सरळ लेयरवर रंगवण्यापेक्षा ही रीत बरी. छटा बदलायची ठरली तर नुसता लेयर नव्या रंगाने भरायचा, काठ पुन्हा गिरवावा लागत नाही. हिरव्याचा डाळिंबी करायला मला एक मिनिट लागलं ते यामुळे. मास्क गिरवायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, त्या वाया गेल्या नाहीत.

ब्रशची कड कशी ठेवायची? काठ जिथे स्पष्ट आहे तिथेही ती पूर्ण टणक नसावी. जुन्या भिंगांची धार आजच्यासारखी नसते, कागदालाही स्वतःचा मऊपणा असतो. कड एक-दोन ठिपके मऊ ठेवली की रंग फोटोत मुरतो. टणक कडेने तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून गिरवलात तरी दर पाच-दहा मिनिटांनी पूर्ण आकारात पाहत जा.

ओपॅसिटी मी शंभरवर कधीच ठेवत नाही. काठासाठी ५५ वर थांबलो. भोवती करडं असलं की थोडासा रंगही डोळ्याला पुष्कळ वाटतो, हे रंगीत फोटोंची सवय असलेल्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. आज रात्री बरोबर वाटलेला रंग सकाळी पाहावा. सकाळी तो नेहमी जास्त वाटतो.

नुसता रंग चढत नाही अशा जागा

‘कलर’ मोडला दोन जागा वश होत नाहीत: कोरा पांढरा आणि ठार काळा. उजेड शंभर टक्के असेल तिथे कोणतीही छटा बसत नाही, अंधार पूर्ण असेल तिथेही नाही. पदर जिथे फ्लॅशने जळून पांढरा पडला आहे तिथे काठ अचानक तुटल्यासारखा दिसतो. तेवढ्या भागावर त्याच छटेचा दुसरा लेयर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये, अगदी हलक्या ओपॅसिटीने द्यावा. तिथे थोडी सावली तयार होते आणि रंगाला बूड मिळतं.

काळ्याची अडचण म्हणजे कुंकू. आजीच्या कपाळावरचा तो ठिपका माझ्या स्कॅनमध्ये ३०च्या आसपास होता. त्यावर लाल दिला तर काळपट मरून येतो, लांबून काळाच. मघाचं गणित आठवा: २००, ३०, ४० या लाल रंगाचा करडा ८२ होतो. म्हणजे फिल्मला लाल दिसत असतं तर हा ठिपका ८२च्या जवळपास उमटला असता. म्हणून आधी रंगाच्या लेयरखाली ‘कर्व्ह’ वापरून फक्त कुंकवाची जागा ३०वरून साधारण ८०पर्यंत उजळली, आणि मग लाल दिला. तेव्हा कुठे ते कुंकू दिसलं.

यात मी फोटोच्या उजेड-अंधाराला हात लावला, हे मला मान्य आहे. पण तो अंधार आजीच्या कपाळावर नव्हता, फिल्मच्या मर्यादेत होता. ही मोकळीक मी फक्त लाल वस्तूंपुरतीच घेतो.

कुंकवाचा लाल फार चमकदारही करू नये. हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करून केलेलं कुंकू खोल, किंचित तपकिरीकडे झुकणारं असतं. आजच्या प्लॅस्टिकच्या टिकलीचा झगझगीत लाल १९४६च्या कपाळावर शोभत नाही. आणि वर्तुळ घोटीव नको. बोटाने लावलेल्या कुंकवाची खालची कड किंचित ओघळलेली असते. फोटोत होती, मी ती तशीच राहू दिली.

रंगीत फोटोतून उलट जाताना

हे थोडक्यात. रंगीत फोटोवर ‘ह्यू-सॅच्युरेशन’चा लेयर टाकून सॅच्युरेशन उणे शंभरवर आणायचं आणि त्याच्या मास्कवर हव्या त्या वस्तूपुरता काळा ब्रश फिरवायचा. मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावून, मग ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये जाऊन त्या पायरीचा ब्रश घेतला की बोटानेच हे होतं. काही कॅमेऱ्यांत एकच रंग राखण्याची सोय असते, पण ती रंगावरून निवड करते, वस्तूवरून नाही. लाल शेला राखायला जाल तर मागच्या बसचा लालही राहील.

वस्तू निवडताना माझी कसोटी साधी आहे: ती वस्तू फोटोच्या गोष्टीत काही बोलते का. वारीच्या फोटोतली एक भगवी पताका बोलते. माणसाचे डोळे तेवढे रंगवले की चेहरा हरवतो आणि डोळेच उरतात, ते मला बघवत नाही.

आपोआप रंगवणारी साधनं

२०१६ पासून या क्षेत्रात मोठी उडी आली. बर्कलीच्या झँग, इसोला आणि एफ्रॉस या संशोधकांनी लाखो रंगीत फोटोंवरून शिकून कृष्णधवल फोटो रंगवणारी पद्धत मांडली. २०१८ मध्ये डीओल्डिफाय आलं, २०२० मध्ये फोटोशॉपमध्येच ‘कलराइझ’ नावाचा न्यूरल फिल्टर आला. आता ही सोय मोबाईलवरही आहे. गवत, आकाश, झाडं यांत ही साधनं चांगली चालतात, कारण गवत बहुतेक ठिकाणी हिरवंच असतं.

लुगड्याच्या काठाला असा नियम नाही. यंत्र करड्याकडे पाहून सगळ्यात संभवनीय रंग देतं, आणि काठ कोणताही असू शकतो तिथे ते बहुधा मधला, मातकट रंग देऊन मोकळं होतं. आजीचा फोटो अशा एका साधनातून काढून पाहिला. लुगडं निळसर, काठ तपकिरी, आणि कुंकू काळंच राहिलं. ही साधनं वापरू नयेत असं मी म्हणत नाही. त्वचेच्या छटांचा कच्चा मसुदा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. पण गोधडी त्यांनी पाहिलेली नाही, हे विसरू नये.

कुठे थांबावं

ब्राझीलच्या मरीना अमराल यांनी ऑशविट्झमधल्या चेस्वावा क्वोका या चौदा वर्षांच्या पोलिश मुलीचा फोटो रंगवला. छावणीतला कैदी छायाचित्रकार विल्हेल्म ब्रासे याने काढलेला तो फोटो. तिच्या कपड्यावरचा त्रिकोण त्यांनी लाल केला. राजकीय कैद्यांचा त्रिकोण लाल असे हे नोंदींवरून पक्कं ठाऊक आहे. ओठावरची जखमही लाल आहे. त्या रंगामुळे फोटोतली मुलगी एकदम आपल्या काळात येते, आणि त्यातला कोणताही रंग हौसेखातर दिलेला नाही.

याच्या अगदी उलट घटना २०२१ मधली. कंबोडियात ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगात ज्यांना डांबून मारलं त्यांचे फोटो एका कलाकाराने रंगवले आणि काहींच्या चेहऱ्यावर हसू घातलं. कंबोडियाच्या संस्कृती मंत्रालयाने तीव्र आक्षेप घेतला, आणि छापणाऱ्या माध्यमाला तो मजकूर काढून टाकावा लागला. रंगाआडून तिथे चेहराच बदलला गेला होता.

घरच्या फोटोंतही हा मोह वेगळ्या वाटेने येतो. विधवा आजीच्या फोटोत कुंकू घालून द्या, असं एका ओळखीच्या घरून मला सांगण्यात आलं होतं. भावना कळत होती. तरीही मी नाही म्हटलं. त्या बाईंनी त्या कपाळाने चाळीस वर्षं काढली होती, ते पुसायचा हक्क मला नव्हता. त्याऐवजी त्यांच्या मांडीवरच्या नातवाची टोपी रंगवली. टोपी घरात होती, पिवळ्या लोकरीची.

प्रिंट

काम झालं की लेयरसकट फाईल जतन करा. जिम्पमध्ये एक्ससीएफ, फोटोशॉपमध्ये पीएसडी. छापायला द्यायची प्रत वेगळी काढा: जेपेग, जास्तीत जास्त गुणवत्तेची, एसआरजीबी रंगात. पडद्यातून उजेड बाहेर येतो, कागदावर तो पडतो, त्यामुळे लाल आणि मरून छटा प्रिंटवर नेहमी अधिक गडद येतात. आधी फक्त चेहरा आणि काठाचा तुकडा असलेली छोटी प्रिंट काढून पाहा. मला दोनदा परत जाऊन काठ थोडा उजळावा लागला. कागद मॅट मागा. चकचकीत कागदावर करडा आणि रंग एकमेकांपासून फटकून दिसतात.

दुकानातल्या यंत्राने करडा भाग रंगीत शाईतून छापला तर त्याला हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. इथे ती लगेच डोळ्यांत खुपते, कारण शेजारी खरा रंग असतो. म्हणून मी करड्याला आधीच किंचित उबदार, तपकिरी झाक देऊन ठेवतो, मूळ प्रिंटच्या कागदासारखी. ती जास्त झाली तर डाळिंबी तिच्यात विरघळतो, तेव्हा अगदी हलका हात.

नवी प्रिंट आता आत्याच्या पलंगासमोर आहे. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलने लिहिलं आहे: मूळ फोटो कृष्णधवल, १९४६. काठाचा रंग गोधडीतल्या तुकड्यावरून. कुंकवाचा रंग अंदाजाने. लुगड्याच्या अंगाचा रंग माहीत नाही, म्हणून दिलेला नाही. आत्याने ते वाचून घेतलं आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली: अंग जांभळं होतं, पण त्याचा तुकडा उरला नाही.